दादर-माटुंग्याची घडण : घरें आणि मोकळी जागा

गिरगांवांतील एखाद्या वाडींतून निघून दादरच्या हिंदु कॉलनींत किंवा माटुंग्याच्या पांच उद्यानांकडे येणाऱ्या माणसाला आपण निराळ्याच गांवीं आलों असें वाटतें. वास्तविक दोहोंमधील अंतर थोड्या मैलांचें. भाषा तीच, चालीरीति त्याच. पुष्कळ कुटुंबें तर गिरगांवांतूनच उठून दादरला आलेलीं. मग हा फरक पडतो कशानें ? इकडचीं घरें अधिक चांगलीं आहेत, असें उत्तर पुष्कळ जण देतील. पण तें पुरें पडत नाहीं. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारती बहुधा साध्याच आहेत. नक्षीचें लांकूडकाम पाहावयाचें तर गिरगांवांतच गेलें पाहिजे. खरा फरक घरांत नाहीं. तो दोन घरांच्या मध्यें आहे. इकडे घर आणि घर यांच्यामध्यें, घर आणि रस्ता यांच्यामध्यें मोकळी जागा राखलेली आहे, आणि ती आपोआप राहिलेली नसून नियम करून राखलेली आहे. तो नियम कां करावा लागला, हें समजण्यासाठीं सव्वाशें वर्षें मागें गेलें पाहिजे.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपाताचे रोगी आढळले. मूळचे गोमंतकांतील डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं हा प्लेग आहे असें निदान केलें. तें प्रथम कोणास पटेना. पण थोड्याच दिवसांत शहराला त्याची प्रचीति आली. लाखों लोक गांवोगांवीं पळाले, गिरण्या ओस पडल्या. प्लेग उंदरावरील पिसवांमुळें पसरतो, हा सिद्धांत सिमाँ या फ्रेंच संशोधकानें १८९८ सालीं मांडला, आणि तो सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. तोंवर डॉक्टरांचा व सरकारचा समज असा कीं, ओल, अंधार, घाण आणि कोंडलेली हवा यांतच या रोगाचें मूळ आहे. कारण नेमकें सांपडलें नव्हतें. पण त्या समजुतींतून जो उपाय निघाला तो मात्र फुकट गेला नाहीं. क्षयासारख्या रोगांना अंधाऱ्या, दाटीच्या खोल्या किती पोषक असतात, हें पुढें सिद्धच झालें.

त्या वेळच्या दाट वस्तींतील घरांची रचना ध्यानांत घेण्यासारखी आहे. रस्त्याकडे तोंड करून एकाला एक लागून घरें उभीं असत. त्यांच्या मागें किंवा कडेला चार-दोन फुटांची चिंचोळी घरगल्ली असे. तिच्यांतून सांडपाणी वाहे व मैला उचलला जाई. घराच्या दर्शनी भागांतील खोल्यांना रस्त्याचा उजेड मिळे. मधल्या खोल्यांच्या खिडक्या असल्याच तर त्या या घरगल्लींत उघडत. म्हणजे ज्या खिडकींतून हवा यावयाची तिच्यांतून दुर्गंधीच यावयाची. दिवसाढवळ्या दिवा लावल्याशिवाय स्वयंपाक करतां येत नाहीं, अशा खोल्या शेंकड्यांनीं होत्या.

या स्थितीवर उपाय म्हणून १८९८ सालीं कायदा करून मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन करण्यांत आला. त्याच्याकडे दोन कामें होतीं. जुन्या शहरांत रुंद रस्ते पाडून समुद्राचा वारा आंतपर्यंत नेणें हें एक. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्या कामाचें फळ होत. उत्तरेकडील मोकळ्या जमिनी घेऊन तेथें मध्यमवर्गासाठीं नवी वस्ती आंखणें हें दुसरें. दादर, माटुंगा, वडाळा व शीव या भागांतील शेतें, बागा आणि सखल जमिनी ट्रस्टनें ताब्यांत घेतल्या. कागदोपत्रीं हा भाग मुंबई शहराच्या हद्दींतच होता. पण कोटांत नोकरीला जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें तें उपनगरच होतें.

नेमक्या याच वर्षीं, म्हणजे १८९८ सालीं, इंग्लंडांत एबेनेझर हॉवर्ड या गृहस्थांनीं उद्याननगरीची कल्पना ग्रंथरूपानें मांडली, आणि १९०३ सालीं लेचवर्थ येथें तिचा पहिला प्रयोग सुरू झाला. शहराचे उद्योग आणि खेड्याची मोकळी हवा यांचा मेळ एकाच गांवांत घालावा, अशी ती कल्पना होती. मुंबईनें ती पुरी उचलली नाहीं. दादर-माटुंग्याला मोकळी हवा आली, पण उद्योग कोटांतच राहिले. म्हणून या वस्तीचें आयुष्य प्रथमपासून आगगाडीला आणि ट्रामला बांधलेलें राहिलें. १९२५ पासून विजेच्या गाड्या सुरू झाल्या, आणि दूर राहून शहरांत नोकरी करणें आणखी सुलभ झालें.

ट्रस्टच्या कामाची पद्धत मात्र पाहण्यासारखी होती. जुन्या शहरांत आधीं घरें झालीं आणि मागाहून उरलेल्या जागेला रस्ता हें नांव मिळालें. येथें क्रम उलटा झाला. आधीं रस्ते, गटारें आणि बागांच्या जागा आंखल्या, मग प्लॉट पाडले, आणि ते भाडेपट्ट्यानें देतांना पट्ट्यांतच अटी घातल्या. घर रस्त्यापासून किती मागें घ्यावयाचें, बाजूला किती जागा सोडावयाची, मजले किती चढवावयाचे, हें सर्व ठरलेलें होतें. म्हणूनच तळमजला आणि त्यावर दोन मजले अशी एकसारखी उंची या वस्तींत दिसूं लागली.

या अटींच्या मुळाशीं शाळेंतल्या भूमितीचा एक साधा सिद्धांत होता. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं १९१२ सालीं मुंबईच्या घरांतील उजेड व हवा या विषयावर व्याख्यान देऊन साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढें मांडला. तळमजल्याच्या खोलीच्या बाहेर, भिंतीच्या पायथ्याशीं उभें राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली, तर ती जमिनीशीं साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करतां कामा नये. साध्या भाषेंत सांगावयाचें तर, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. चाळीस फूट उंच घर बांधावयाचें असेल, तर त्याच्यापुढें वीस फूट जागा मोकळी पाहिजे. एवढें पाळलें म्हणजे सर्वांत खालच्या खोलींतूनहि आकाशाचा तुकडा दिसतो.

या नियमांतील मर्म असें कीं, खिडकी आपली असली तरी तींतून येणारा उजेड शेजाऱ्याच्या हातांत असतो. शेजाऱ्यानें जागा सोडली तर आपल्याला उजेड, आणि आपण सोडली तर त्याला. दहा फूट आपले आणि दहा फूट त्याचे मिळून वीस फुटांचा वारा दोघांच्या घरांत खेळतो. जुन्या वाड्यांत चौक घराच्या पोटांत असे आणि त्यावर एकाच कुटुंबाची मालकी चाले. येथें तो चौक जणूं बाहेर आला आणि शेजाराशेजारांत वांटला गेला. त्या सोडलेल्या जागेंत कोणी नारळ लावला, कोणी पारिजातक, कोणी तुळशीवृंदावन बांधलें. कुंपणाची भिंत बुटकी असल्यामुळें आंतल्या झाडाची सावली रस्त्यावर पडे, आणि रस्त्यावरच्या झाडाचीं फुलें अंगणांत पडत.

झाडांविषयीं बोलावयाचें तर मंचेरजी एदलजी जोशी यांचें नांव घेतलेंच पाहिजे. हे ट्रस्टमध्यें इंजिनियर होते. मध्यम स्थितींतील पारशी कुटुंबांसाठीं १०३ प्लॉट राखून ठेवावे, असें त्यांनीं ट्रस्टच्या गळीं उतरविलें, आणि त्यांतून दादरची पारशी कॉलनी उभी राहिली. निरनिराळ्या रस्त्यांना निरनिराळ्या जातींचे वृक्ष द्यावयाचे, अशी योजना येथें झाली. त्यामुळें रस्ता नांवाच्या पाटीवरून ओळखावा तसा झाडावरूनहि ओळखतां येऊं लागला. जवळच्या पांच उद्यानांना पुढें जोशी यांचेंच नांव देण्यांत आलें, तें योग्यच झालें. घर बांधणारा माणूस बहुधा स्वतःपुरतें पाहतो. मोठी सावली देणारें झाड लावणाऱ्याला मात्र नातवंडांपर्यंत पाहावें लागतें.

दादरच्या पश्चिम अंगाला हाच विचार महापालिकेनें मोठ्या प्रमाणावर अंमलांत आणला. १९२५ सालीं तेथें माहीम पार्क या नांवानें विस्तीर्ण मैदान खुलें झालें. १९२७ सालीं, शिवछत्रपतींच्या त्रिशतसांवत्सरिक जयंतीच्या सुमारास, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें त्याला शिवाजी पार्क हें नांव मिळालें. मैदानाभोंवतीं रस्ता, रस्त्याच्या कडेला झाडें, आणि त्यामागें सारख्या उंचीच्या इमारतींचें कडें अशी ही रचना आहे. १९३० नंतरच्या दोन दशकांत येथें सिमेंट-काँक्रीटच्या इमारती उठल्या. काँक्रीटमुळें भिंतीबाहेर झुकलेले सज्जे, गोलाकार कोपरे आणि लांबच लांब आडव्या रेषा सहज साधतां येऊं लागल्या. आर्ट डेको म्हणून जी शैली आज ओळखली जाते, तिचा हा मराठी मध्यमवर्गीय अवतार होय. त्या सज्जांचें तोंड मैदानाकडे आहे, हें विसरूं नये. पुढें मैदान नसतें, तर असले सज्जे बांधण्याची बुद्धि कोणाला झाली असती ?

या मैदानावर हिरवळीपेक्षां लाल मातीच अधिक, आणि उन्हाळ्यांत तिची धूळ घराघरांत जाते, ही तक्रार खोटी नाहीं. तरी तेथें क्रिकेटपटूंच्या पिढ्या तयार झाल्या, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या, आणि भोंवतालच्या कट्ट्यावर म्हाताऱ्यांच्या व तरुणांच्या बैठकी रोज संध्याकाळीं भरत आल्या. मोकळी जागा ही रिकामी जागा नव्हे, हें शिवाजी पार्कानें जितकें स्पष्ट दाखविलें तितकें क्वचितच दुसऱ्या कोणी दाखविलें असेल.

परंतु या चित्राची दुसरी बाजू न सांगणें हें इतिहासाशीं बेइमानी करण्यासारखें होईल. ट्रस्टनें जुन्या शहरांत रस्ते पाडतांना गोरगरिबांच्या हजारों खोल्या पाडल्या. त्या सर्वांना दादर-माटुंग्यांत प्लॉट मिळाले नाहींत, आणि परवडलेहि नसते. १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें कामकऱ्यांसाठीं ज्या बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्याहि काँक्रीटच्याच. वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी मिळून त्यांची संख्या २०७ भरली. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, आणि एका कुटुंबाला सुमारे १६० चौरस फुटांची एकच खोली. हिंदु कॉलनी आणि नायगांवच्या चाळी यांमध्यें चालत जाण्याइतकेंच अंतर आहे. काळ एक, सिमेंटहि एक. फरक पडला तो प्रत्येक माणसाच्या वांट्याला जागा किती द्यावयाची, या ठरावानें.

शिवाय या नव्या वस्त्या पुष्कळशा जातवार व पंथवार वसल्या. पारशी कॉलनी, हिंदु कॉलनी हीं नांवेंच तें सांगतात. रस्ते सर्वांना खुले, पण जिने सर्वांना खुले नव्हते. अशा हिंदु कॉलनींत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३० नंतरच्या दशकांत राजगृह बांधलें आणि आपल्या अफाट ग्रंथसंग्रहाला त्यांत जागा करून दिली. त्या वस्तीच्या इतिहासांत याहून मोठी घटना दाखवितां यावयाची नाहीं.

आतां या घडणीला तडा कसा जाऊं लागला तें पाहूं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें घरभाडीं १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. भाडेकरूला आधार मिळाला. पण दुरुस्तीला लागणारा पैसा भाड्यांतून निघेनासा झाला, आणि मालकानें घराकडे पाठ फिरविली. छपरें गळूं लागलीं, काँक्रीटच्या आंतल्या सळ्या गंजल्या. पुढें १९६० नंतरच्या विकास आराखड्यानें चटईक्षेत्राचा निर्देशांक आणला. जमिनीच्या किती पट बांधकाम करावयाचें, हा आतां मुख्य प्रश्न झाला. दोन घरांमधला कोन मागें पडला. १९९१ च्या नियमावलीनंतर जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला वाढीव चटईक्षेत्र मिळूं लागलें, आणि तीन मजल्यांच्या रांगेंत वीस-पंचवीस मजल्यांचे मनोरे उठले. त्यांच्या पायथ्याशीं अंगण राहिलें नाहीं. तेथें मोटारी उभ्या राहिल्या.

२०१२ सालीं महापालिकेच्या वारसा-यादीच्या प्रस्तावांत शिवाजी पार्क आणि दादर-माटुंग्याच्या वस्त्या घालण्यांत आल्या, तेव्हां विरोध झाला तो पुष्कळ अंशीं तेथल्या रहिवाशांकडूनच. त्यांना दोष देणें सोपें आहे. पण सत्तरी उलटलेल्या माणसाला उद्वाहनावांचून तीन जिने चढावयाचे असतात. पावसाळ्यांत छताखालीं बादल्या मांडावयाच्या असतात. घराबाहेरून पाहणाऱ्याला जी शोभा दिसते, तिचा खर्च आंत राहणाऱ्यानेंच सोसावा, असें म्हणणें न्यायाचें नव्हे.

म्हणून प्रश्न जुनें घर राखावें कीं पाडावें, एवढाच नाहीं. घरें पडतात आणि पुन्हां बांधलीं जातात. प्रत्येक पिढीला तें करावेंच लागतें. पाहावयाचें तें हें कीं, नवें घर बांधतांना शेजाऱ्याचा उजेड कोणाच्या हिशेबांत धरला जातो. ऑरसाहेबांच्या काळीं तो पट्ट्याच्या अटींत धरलेला होता. आज मनोऱ्याच्या विसाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो ही गोष्ट खरी. पण त्याच मनोऱ्याच्या सावलींत शेजारच्या तळमजल्यावर भर दुपारीं दिवा लावावा लागत असेल, तर १८९६ च्या मांडवींतील त्या काळोख्या खोलीकडेच शहराचीं पावलें पुन्हां वळलीं, असें म्हणावें लागेल. त्या खोलींतून बाहेर पडण्यासाठीं मुंबईनें फार मोठी किंमत दिली होती. तीन मजल्यांचीं घरें कायम राहोत वा न राहोत. दोन घरांमध्यें जागा सोडण्याचा तो धडा मात्र शहरानें विसरतां उपयोगी नाहीं.