मालवण सागरी अभयारण्य

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सागरी संरक्षित क्षेत्र. क्षेत्रफळ सुमारे २९ चौ. किमी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये १९८७ मध्ये घोषित. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकाळ उथळ पाण्यात प्रवाळ, सागरी शैवाल व शंखशिंपले आढळतात.

मासेमारीचे हक्क जातील या भीतीने मच्छीमारांनी प्रारंभापासून अभयारण्याला विरोध केला. ही भीती रास्त होती. किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणाऱ्यांचे पोट याच पाण्यावर चालते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने जिल्ह्यात सागरी जैवविविधतेचा प्रकल्प राबवला गेला. त्यात ट्रॉलच्या (बोटीमागे ओढायच्या) जाळ्याच्या शेपटाला ४० मिमी चौकोनी आस (जाळ्याचे छिद्र) लावण्यावर भर होता. शंकरपाळ्यासारखा तिरपा आस ओढ बसताच मिटतो व माशांची पिल्ले अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो, म्हणून ती निसटतात. याच प्रकल्पातून वेंगुर्ल्यात महिलांच्या बचतगटाने कांदळवन सफर सुरू केली.

माशांचा थवा वेढून पकडणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, तरी पर्ससीनधारकांचा पारंपरिक मच्छीमारांशी संघर्ष चालूच राहिला. अंमलबजावणी आणि स्थानिकांचा विश्वास, दोन्ही बाबतींत हे अभयारण्य अद्याप अपुरे आहे.