पडद्यांची लांबी : आधी पाणी, मग कात्री

बाजारात तयार पडदे साधारणपणे तीन लांबींत मिळतात : खिडकीसाठी ५ फूट, दारासाठी ७ फूट आणि उंच दारासाठी ९ फूट. घरे मात्र या मापांनुसार बांधलेली नसतात. दाराची चौकट ७ फुटांच्या आसपास असली, तरी पडद्याचा रॉड कोणी चौकटीच्या आत बसवतो, तर कोणी तिच्या वर चार-सहा इंचांवर. त्यामुळे एकाच मापाचा पडदा एका घरात जमिनीवर लोळतो आणि दुसऱ्या घरात अधांतरी राहतो. आखूड पडद्याला फारसा उपाय नाही. लांब पडदा मात्र घरच्या घरी बेताचा करता येतो, आणि सणासुदीच्या तोंडावर शिंपी अशी किरकोळ कामे हाती घेत नसल्याने तो करता येणे सोयीचेही असते. या कामात शिलाई सोपी आहे. नुकसान होते ते कात्री लवकर चालवल्याने.

प्रथम लांबी किती हवी ते ठरवावे. परदेशी सजावटीच्या चित्रांतील जमिनीवर पसरलेला पडदा आपल्याकडील घरांना मानवत नाही. येथे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. टेकलेली किनार ते पाणी शोषून घेते, काळी पडते आणि पावसाळ्यात तिला कुबट वास येऊ लागतो. शिवाय वृद्धांचा वा धावत्या मुलाचा पाय त्यात अडकतो तो धोका वेगळाच. त्यामुळे दाराचा पडदा जमिनीपासून अर्धा ते एक इंच वर राहावा. खिडकीचा पडदा कट्ट्याच्या खाली चार-सहा इंच उतरला तर झाकण चांगले होते. स्वयंपाकघरात मात्र हा नियम सोडून द्यावा. गॅसच्या शेगडीजवळच्या खिडकीला लांब, हलता पडदा असूच नये. त्यातही पॉलिएस्टर आगीजवळ वितळून अंगाला चिकटते.

सुती, खादी किंवा हातमागाचा पडदा असेल तर कापण्यापूर्वी तो एकदा धुणे अनिवार्य आहे. कापड विणताना आणि नंतर त्यावर प्रक्रिया करताना धागे ताणले गेलेले असतात. पाणी लागले की ते आखडतात. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटणे नवलाचे नाही. म्हणजे ७ फुटी पडदा अडीच ते चार इंचांनी आखूड होऊ शकतो. ‘पडदा तीनच इंच लांब आहे, कापून टाकू’ असे म्हणून केलेली घाई पहिल्या धुण्यानंतर अशी अंगाशी येते. पुढे पडदा ज्या रीतीने धुतला जाणार, त्याच रीतीने आताही धुवावा. यंत्रात गरम पाण्याने धुवायचा असेल तर आताही तसाच. पॉलिएस्टर जवळजवळ आटत नाही, त्यामुळे तेथे ही पायरी गाळली तरी चालते. ज्यांवर केवळ ड्रायक्लीनची सूचना असते ते पडदे पाण्यात घालू नयेत.

धुतलेला पडदा इस्त्री करून त्याच्या नेहमीच्या रॉडवर टांगावा आणि दोन दिवस तसाच राहू द्यावा. सैल विणीचे कापड स्वतःच्या वजनाने थोडे उतरते. माप जमिनीवर पसरून न घेता टांगलेल्या स्थितीतच घ्यावे, कारण कड्यांच्या पडद्यात वरचा काठ रॉडच्याही वर येतो आणि नाडीच्या किंवा हुकांच्या पडद्यात तो वेगळ्या उंचीवर राहतो. खालचा भाग आत दुमडून दोन्ही कडांना आणि मध्यभागी टाचण्या लावाव्यात. जुन्या इमारतींत फरशी एका बाजूस उतरलेली असणे नेहमीचेच. तीन ठिकाणची मापे जुळली नाहीत तर सर्वांत कमी माप प्रमाण मानावे; उतारानुसार तिरका कापलेला पडदा डोळ्याला फरशीपेक्षा अधिक खटकतो.

आता खरा हिशेब दुमडीचा. ८४ इंचांचा पडदा धुतल्यावर ८२ इंच भरला आणि तयार लांबी ७९ इंच हवी आहे, असे समजू. जुनी दुमड उसवली की त्यात दडलेले सुमारे २ इंच कापड मोकळे होते. म्हणजे हाती पुन्हा ८४ इंच कापड आले. ७९ इंचांच्या खुणेखाली ५ इंच उरले. ते अडीच-अडीच इंचांच्या दोन सारख्या घड्यांत आत घेतले की एक सूतही न कापता काम होते. रुंद दुमडीमुळे पडदा वजनाने सरळ पडतो. पुढेमागे घर बदलले किंवा कापड आणखी आटले तर ती सोडून लांबी वाढवताही येते. दोन्ही घड्या सारख्या असण्याला आणखी एक कारण आहे. पातळ पडद्यामागून ऊन आले की आतली अर्धवट घडी आडव्या सावलीसारखी दिसते.

७ फुटी पडदा ५ फुटी खिडकीला लावायचा असेल तरच कात्री टाळता येत नाही. अशा वेळी ६० इंचांच्या खुणेखाली दुमडीसाठी ६ इंच राखावेत आणि बाकीचे कापावे. साध्या हातमागाच्या कापडात एक आडवा धागा ओढून काढला की कापण्याची सरळ रेष आपोआप मिळते. अन्य कापडांवर वरच्या काठापासून दर फुटावर माप घेऊन खडूने खुणा कराव्यात. जोडीचे दोन पडदे एकमेकांवर ठेवून ताडून पाहावेत, मगच दुसरा कापावा.

घडीवर इस्त्री फिरवल्यावर मशीनची टीप सुमारे ३ मिलिमीटरच्या टाक्याने मारावी. पातळ जाळीसाठी ११ क्रमांकाची, मध्यम कापडासाठी १४ आणि जाडसाठी १६ क्रमांकाची सुई योग्य. हाताने हेमिंग करताना दोरा हातभरच घ्यावा, नाहीतर तो गुंततो. दर्शनी बाजूचे केवळ एक-दोन धागे सुईत घ्यावेत व दोरा ओढून ताणू नये. इस्त्रीने चिकटणारी पट्टी हलक्या पडद्यांना पुरते. जड पडद्यावर ती काही धुण्यांनंतर सुटू लागते.

काही पडद्यांना हे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. उजेड रोखणाऱ्या, पाठीमागे थर दिलेल्या पडद्याला टाचणीची भोके कायम राहतात आणि त्यातून उजेड झिरपतो. तेथे कपडे वाळत घालण्याचे चिमटे वापरावेत. मखमलीवर इस्त्री दाबली की लव चपटी होते, तिला केवळ वाफ द्यावी.

जुन्या साडीचे पडदे हा मराठी घरांतील आवडता प्रकार. सुमारे साडेपाच मीटरच्या साडीचे मधोमध दोन तुकडे केले की प्रत्येकी ९ फुटांचा पडदा मिळतो, काठ दोन्ही कडांना उभे येतात आणि एका पडद्याच्या तळाशी पदर. असा पडदा खालून आखूड केला तर पदराचीच नक्षी जाते, म्हणून जास्तीचे कापड वरून काढावे आणि रॉड जाईल असा नेफा तेथे घालावा. खाली नक्षी असलेल्या कोणत्याही छापील पडद्यालाही हेच लागू. हलके रेशीम पंख्याच्या वाऱ्याने उडत असेल तर दुमडीच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक रुपयाचे नाणे शिवून टाकावे. हल्लीची ही नाणी स्टेनलेस स्टीलची असल्याने कापडावर गंजाचे डाग पडत नाहीत.