हमीचे व्याज आणि हिंदी लोहमार्ग

परका भागीदार आणि परका सावकार यांत मोठे अंतर आहे. भागीदार नफ्याबरोबर तोट्याचाही वाटेकरी असतो. सावकार केवळ व्याजाचा धनी असतो. परकीय थेट गुंतवणुकीचे आकडे मांडणारे आजचे संख्याशास्त्रज्ञदेखील ही दोन खाती वेगळी ठेवतात. कंपनीच्या भागांत गुंतलेले भांडवल एका रकान्यात आणि बाहेरच्या मूळ कंपनीने येथील उपकंपनीस दिलेले कर्ज दुसऱ्या रकान्यात. परंतु इतिहासात असेही एक भांडवल आढळते, की ज्याने भागीदाराचा पोशाख केला आणि हक्क मात्र सावकाराचे बजावले. एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानचे लोहमार्ग अशाच भांडवलावर उभे राहिले.

मुंबईहून आगगाडी धावावी ही कल्पना जगन्नाथ शंकरशेट, सर जमशेटजी जिजीभाई प्रभृती मंडळींनी १८४५ पासून उचलून धरली होती. परंतु लागणारा पैसा लंडनच्या बाजारातून यावयाचा होता, आणि तेथील धनिकास हिंदुस्थान म्हणजे दूरचा, अनोळखी मुलूख. तो निर्धास्त झाल्याखेरीज थैली सोडण्यास तयार नव्हता. अखेर १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीने ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ आणि ‘ईस्ट इंडियन’ या दोन रेल्वे कंपन्यांशी करार केले. त्यांतील मुख्य कलम असे, की भरलेल्या भांडवलावर दरसाल ५ टक्के व्याज मिळेल याची हमी सरकार घेईल. मार्गासाठी लागणारी जमीनही सरकारने विनामूल्य द्यावयाची होती.

या कलमाचा अर्थ नीट पाहण्याजोगा आहे. ब्रिटिश सरकारच्या रोख्यांवर त्या काळी सुमारे ३ टक्के व्याज मिळे; येथे ५ टक्के मिळणार आणि तेही सरकारी हमीने. भांडवल भरले की व्याज सुरू, मग रूळ पडोत वा न पडोत. उत्पन्न ५ टक्क्यांहून कमी आले, तर उणीव हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघावयाची. उत्पन्न अधिक झाले, तर जादा रकमेत कंपनीचाही वाटा. धंदा साधेनासा झालाच, तर सहा महिन्यांची सूचना देऊन मार्ग सरकारच्या पदरी टाकावा आणि घातलेले भांडवल परत घ्यावे अशीही सोय होती. कागदावर हे भाग होते. व्यवहारात ते सरकारी कर्जरोखेच होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची पहिली गाडी धावली. पुढे १८५६ पासून बोरघाट फोडण्याचे काम चालले आणि १८६३ मध्ये ते पूर्ण झाले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार काम हाती घेताच मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने ते तडीस नेले. पटकीच्या साथींत किती मजूर दगावले, त्यांची नावे कोणत्याही हिशेबवहीत नाहीत. घाटातला धोका त्यांनी पत्करला होता; भांडवलाला मात्र कसलाच धोका नव्हता.

जेथे धोका नाही तेथे काटकसरही नाही. दर मैलास ८ हजार पौंड खर्च येईल असा आरंभीचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो दुपटीहून अधिक झाला. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना स्पष्टच सांगितले, की इंग्रज भांडवलवाल्यास ५ टक्के मिळाले म्हणजे झाले. त्याचा पैसा हुगळीत बुडाला काय किंवा विटाचुन्यात गेला काय, त्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. १८६९ अखेर या पद्धतीने ४ हजार मैलांहून अधिक मार्ग तयार झाले. त्याच वर्षी लॉर्ड लॉरेन्स यांच्या आग्रहाने सरकारने स्वतः लोहमार्ग बांधण्याचे धोरण स्वीकारले. मात्र हमीची पद्धत तेथेच संपली नाही. पुढे ती कमी व्याजदराने पुन्हा आली.

याच काळात मराठी राजवटींनी दुसरी वाट दाखविली. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) खांडवा-इंदूर मार्गासाठी १ कोटी रुपये ४।। टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले. १८७७ मध्ये गाडी इंदुरास पोहोचली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारने १८७२ मध्ये आग्रा-ग्वाल्हेर मार्गासाठी ७५ लाख रुपये आणि पुढच्याच वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी तितकीच रक्कम दिली. हेही कर्जच होते, पण त्याचे व्याज देशातच राहणार होते. बडोद्याच्या गायकवाडांनी तर १८६२ मध्ये डभोई-मियागाम हा छोटा मार्ग स्वतःच उभारला. त्यावरचे डबे आरंभी बैल ओढीत.

गोव्यात मात्र लंडनचाच कित्ता गिरविला गेला. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानुसार मुरगाव बंदरापासूनचा मार्ग ठरला. कंपनी इंग्रजी, व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. मिठाच्या व अबकारीच्या हक्कांपोटी इंग्रज सरकार दरसाल ४ लाख रुपये देई. ती रक्कमही या हमीकडे लावून देण्यात आली. १८८८ मध्ये मार्ग खुला झाला आणि १८९२ मध्ये करार संपुष्टात आला. मीठ गोव्याचे, व्याज लंडनचे, असा तो मामला होता.

हमीची खरी झळ लागली ती रुपया घसरल्यावर. उत्पन्न रुपयांत आणि व्याज पौंडांत. १८७० च्या सुमारास दहा रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या पौंडास १८९४-९५ मध्ये अठरा रुपयांहून अधिक मोजावे लागले. व्याजाचा दर तोच राहिला, पण शेतसारा भरणाऱ्या रयतेवरचा भार वाढला. दादाभाई नौरोजी संपत्तीच्या ज्या ओघाविषयी कळवळून बोलत, त्यात या व्याजाचाही समावेश होता. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देणाऱ्या गोखल्यांचेही म्हणणे हेच, की लोहमार्गांवर पैसा ओतला जातो आणि लोकहिताची इतर कामे मागे पडतात.

खरेदीच्या वेळी आणखी एक गंमत झाली. करारात भागांच्या बाजारभावाने किंमत द्यावयाची होती, आणि सरकारी हमीमुळेच तो भाव चढलेला होता. म्हणून ‘ईस्ट इंडियन’च्या १०० पौंडांच्या भागास १२५ पौंड द्यावे लागले. आपल्याच हमीने वाढलेली किंमत सरकारने आपल्याच खजिन्यातून मोजली. ती रक्कम एकदम न देता वार्षिक हप्त्यांनी द्यावयाचे ठरले. त्यांची मुदत १९५३ पर्यंत होती. ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ १९०० मध्ये सरकारची झाली, तरी तिचा कारभार कंपनीकडेच राहिला. तो १९२५ मध्ये सरकारने हाती घेतला.

या ऋणाचा शेवट मोठ्या विलक्षण रीतीने झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हिंदुस्थानातून घेतलेल्या मालाचे पैसे लंडनमध्ये पौंडांत साठत गेले आणि त्यांतून बहुतेक पौंडी कर्ज फिटले. ऋणको धनको झाला. पण ही फेड फुकट झाली नाही. युद्धखर्चासाठी नोटा छापल्या गेल्या, धान्य महागले आणि १९४३ मध्ये बंगालने भुकेचा कहर पाहिला.

लोहमार्ग देशाला मिळाले, ते आजही उपयोगी पडत आहेत. हे कोणी नाकारणार नाही. प्रश्न त्यांच्या किमतीचा होता. परकीय पैसा किती आला हे आकडा सांगतो. तोटा आला तर तो कोणी सोसावयाचा आणि व्याज कोणत्या नाण्यात द्यावयाचे, हे करारातील बारीक कलमे सांगतात. १८४९ ची ती कलमे वाचणारे थोडे होते, आणि ज्यांच्या शेतसाऱ्यातून ते व्याज जावयाचे होते, त्यांना ती कोणी वाचूनही दाखविली नव्हती.