कुर्तुबाची अंगणे कोणाची?

'पॅटिओ' हा शब्द आपल्याकडे फर्निचरच्या जाहिरातींतून आला. वेताच्या खुर्च्या, मोठी छत्री, प्लास्टिकची हिरवळ असे काहीसे डोळ्यांसमोर येते. शब्द मात्र स्पॅनिश, आणि पॅटिओंसाठी सर्वांत नावाजलेले शहर म्हणजे कॉर्दोबा, उर्दू वाचणाऱ्यांचे कुर्तुबा.

तिथल्या अंगणाचा थाट खुर्च्यांवर नाही. भिंतींना पांढरा चुना, जमिनीत नदीतले गोटे बसवून केलेली नक्षी, मधे विहीर किंवा कारंजे, आणि भिंतभर टांगलेल्या कुंड्या, बहुधा निळ्या रंगवलेल्या. उन्हाळ्यात या शहराचा पारा चाळिशी ओलांडतो. चारही बाजूंनी खोल्या असलेल्या अंगणात रात्रीची गार हवा खाली साठते, पांढऱ्या भिंती ऊन परतवतात, झाडांना घातलेल्या पाण्याची वाफ होताना हवा निवते. सजावट आणि गारवा अशी दोन वेगळी कामे तिथे नाहीतच.

अंदलूसचा विषय निघाला की आपल्या मंडळींना एक उमाळा येतो: हे सारे आम्ही दिले! मला हा दावा अर्धाच पटतो. मोकळ्या चौकाभोवती घर बांधण्याची रीत कुर्तुबात रोमन काळापासून होती. अरबांनी त्यात पाणी खेळवले, आणि ते कसे खेळवले याची साक्ष स्पॅनिश भाषाच देते. तलावाला 'अलबेर्का' म्हणतात, तो अरबी 'अल-बिर्का'. रंगीत फरशीला 'असुलेखो', ती 'अझ-झुलैज'. आणि संत्र्याला 'नारांखा'. हे फळ अरबांबरोबर तिथे पोहोचले, पण नाव संस्कृत 'नारंग'पासून फारसी-अरबी वाटेने गेले. आपण नारिंग म्हणतो तेच. उलट दिशेने आपल्या वाड्याच्या चौकातला 'हौद' अरबीतून आलेला. अब्दुर्रहमान पहिल्याने 785 साली सुरू केलेल्या मशिदीच्या सहनात आज नारिंगांच्या रांगा आहेत आणि झाडांना पाणी देणारे दगडी पाटही आहेत.

1236 साली तिसऱ्या फर्डिनांडने शहर घेतले. मुस्लिमांना हलवता येईल तेवढे सामान घेऊन निघून जावे लागले. अंगण हलवता येत नाही. पुढे 1609 ते 1614 या काळात, बाप्तिस्मा घेतलेल्या मुस्लिमांच्या वंशजांनाही साऱ्या स्पेनमधून हाकलले. त्या अन्यायाबद्दल मनात कढ यावा, यात वावगे काही नाही. पण अंगण टिकले ते कोणामुळे, हेही विचारायला हवे.

ते टिकले बहुतांशी गरिबांमुळे. एका घरात अनेक भाडेकरू कुटुंबे, प्रत्येकाला एखाद-दुसरी खोली, आणि अंगणातली विहीर, कपडे धुण्याची जागा, कधी स्वयंपाकघरही सामाईक. चाळीत वाढलेल्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. झाडे लावली, जपली ती मुख्यतः या घरांतल्या बायकांनी. तेल-डाळींचे रिकामे डबेसुद्धा कुंड्या म्हणून चालत. आज ज्यांच्या फुलांनी भिंती लाल दिसतात ते जिरॅनियम मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. ना रोमनांची, ना अरबांची. नगरपालिकेने 1921 साली अंगणांची स्पर्धा सुरू केली, आणि 2012 साली युनेस्कोने हा मे महिन्यातला उत्सव मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवला. नोंद इमारतींची नव्हे, प्रथेची झाली, हे मला फार योग्य वाटते. हा उत्सव आला की लोक आपली दारे परक्यांसाठी उघडतात, तेही त्या प्रथेतच येते.

उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालायची त्यांची युक्ती साधी आहे. लांब वेळूच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधायचा आणि खालूनच तो एकेका कुंडीत रिता करायचा. असा वेळू उंचावून पाणी घालणाऱ्या बाईचा पुतळा शहरात उभा केला आहे. सुलतान-सरदारांचे पुतळे सगळीकडेच असतात.