काचेचा कर आणि फुलांचे ताटवे

सार्वजनिक उद्यानात हंगामागणिक फुलांचे ताटवे पालटण्याची रीत कोठून आली, असे विचारले असता जाणकार तत्काळ फ्रेंच राजवाड्यांच्या भौमितिक बागांकडे किंवा देशोदेशीच्या वनस्पती धुंडाळणाऱ्या साहसी प्रवाशांकडे बोट दाखवितात. माझ्या मते मात्र तिचे मूळ बागेत नसून ब्रिटिश सरकारच्या महसुली दप्तरात, 1845 साली रद्द झालेल्या काचेवरील अबकारी करात आहे. (खिडक्यांवरचा कर तो निराळा, तो 1851 साली उठला, आणि पुष्कळजण या दोहोंची गल्लत करतात.)

1746 पासून चालत आलेल्या या कराची आकारणी वजनावर होई; साहजिकच काचगृह ही उमरावांचीच मिरास राहिली. आता लंडनच्या ताटव्यातली मंडळी पाहा: तांबडे जिरेनियम आणि निळे लोबेलिया दक्षिण आफ्रिकेचे, पिवळे कॅल्सिओलारिया दक्षिण अमेरिकेचे, तिन्ही हिमाने करपणारी. ऑगस्टात माळ्याने जिरेनियमची फांदी पेऱ्याखाली कापावी, खालची पाने खुडून ती रेताड मातीत खोचावी, हिवाळाभर काचेआड जपावी आणि मे सरता सरता, हिमाचे भय टळल्यावर, दोरी-खुंट्यांनी आखलेल्या वाफ्यात ओळीने बसवावी, हा सारा खटाटोप चार महिन्यांच्या शोभेसाठी, आणि तोही हजारो रोपांचा! काच महाग असती तर सार्वजनिक बागेच्या खजिन्याला हे कसे झेपले असते?

यावर प्रतिपक्ष जॉन केई या माळ्याला साक्षीस उभा करतो, कारण त्याने बेडफर्डच्या डचेसच्या लंडनमधील बागेत एकेका वाफ्यात एकेकच रंग भरण्याची पद्धत कर उठण्यापूर्वीच चालविली होती. साक्ष खरी आहे. पण ती डचेसच्या बागेची आहे, रयतेच्या नव्हे.

वनस्पतिशोधकांच्या पक्षाचा साक्षीदार तर मी माझ्याच बाजूला ओढतो. डेव्हनशायरच्या ड्यूकने 1835 साली हिंदुस्थानात धाडलेला जॉन गिब्सन कलकत्ता व खासी टेकड्या पालथ्या घालून ऑर्किडे आणि ॲम्हर्स्टियाचे दुर्मीळ रोप घेऊन 1837 साली परतला, आणि ते सारे वैभव ड्यूकच्या चॅट्सवर्थ येथील काचगृहांत बंदिस्त झाले. पुढे 1860 नंतरच्या दशकात याच गिब्सनने बॅटरसी पार्कात उष्ण प्रदेशातील झाडे उन्हाळ्यापुरती उघड्यावर मांडली, आणि आमच्याकडे परसात मोरीच्या पाण्यावर पोसणारी केळ नि कर्दळ पाहावयास लंडनकर लोटले. माणूस तोच, हौसही तीच. मध्यंतरी काच तेवढी स्वस्त झाली.

पुढचे सर्वश्रुत आहे: 1868 साली क्लिव्हडन येथे फ्लेमिंग या माळ्याने बुटक्या रोपांची गालिचासारखी नक्षी रेखली, आणि 1903 साली एडिंबरोत फुलांचे घड्याळ चालू लागले.

राहता राहिला पुण्यामुंबईचा आक्षेप, की येथे हिम नाही, काचेची गरज नाही, तरी ताटवे आहेतच. त्याचे उत्तर असे, की येथे ही रीत घडीव अवस्थेत उतरली आणि तिने केवळ महिने बदलले. विलायतेच्या उन्हाळ्यातली पेटुनिया आमच्या हिवाळ्यात फुलते, एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते, आणि वैरी हिमाऐवजी पाऊस असल्याने माळी तो ओसरेपर्यंत थांबतो व पाणी मुळाशी साचू नये म्हणून बी गादीवाफ्यावर टाकतो.