गुणी पोर आणि लशीची सुई

14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानात यशस्वी झालेली ही पहिली लस. व्हिएन्ना, बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करत आलेली. अ‍ॅनाविषयी फारसं काही ठाऊक नाही. टोचणाऱ्या डॉक्टरने एवढंच नोंदवलं, की पोर मोठी गुणी, शांत स्वभावाची आहे.

या कौतुकात थोडा स्वार्थही असणार. तेव्हा लस कुपीत मिळत नसे. टोचल्यावर आठवडाभराने मुलाच्या दंडावर फोड टरारला, की त्यातला द्रव काढून पुढच्या मुलाला टोचायचा. म्हणजे एकाच लेकराला दोनदा धरून ठेवायचं: एकदा लस देताना, एकदा घेताना. अ‍ॅनाच्या फोडातून आणखी पाच मुलांना लस मिळाली. तिने हात झाडला असता, तर साखळी तिथंच तुटली असती. पुढे अनेक आया दुसऱ्या खेपेला पोर पुढे करायला नाकबूल असत, आणि त्यात नवल ते काय! वासराच्या अंगावर तयार केलेली लस आली, तेव्हा कुठे ही ओढाताण थांबली.

रडणं मात्र चालूच राहिलं. देवीच्या शेवटच्या मोहिमेत दुहेरी टोकाच्या सुईने एकाच जागी सुमारे 15 वेळा टोचत. 1975 मध्ये भारतातून देवी गेली. मुलाला दुखतं किती, हा प्रश्न कुणाच्या वहीत नव्हता.

तान्ह्याला वेदना कळत नाहीत, हा समज तर डॉक्टरांमध्येही 1980च्या दशकापर्यंत होता. नवजात बाळांच्या शस्त्रक्रियाही अपुऱ्या भुलीखाली होत. इंदूरला शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये दाखवलं, की नीट भूल दिली तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा शस्त्रक्रियेचा ताण कमी होतो.

लसीकरणातल्या वेदनेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने सूचना काढल्या त्या 2015 मध्ये. अ‍ॅनानंतर 213 वर्षांनी! त्यांना खर्च असा काहीच नाही. तान्ह्याला कुशीत घेऊन अंगावर पाजावं, तीन वर्षांवरच्या मुलाला आडवं न करता बसवावं, जास्त दुखणारी लस शेवटी द्यावी, आणि ‘दुखणार नाही’ असं खोटं सांगू नये.

यात घरच्यांनी आणखी एका सूचनेची भर घालावी: जेवत नाही म्हणून पोराला ‘डॉक्टरकाका सुई टोचतील हं’ असा धाक घालू नये.