यंत्राचा तास आणि मालकाचा तास

‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आळशाची थट्टा करण्यासाठीं निघाली. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत इंग्लंड, जर्मनी व अमेरिका या देशांतील कांहीं व्यापाऱ्यांना असा हरी खरोखरच भेटल्यासारखें वाटलें. हा हरी ओतीव लोखंडाचा होता. त्याच्या पोटांत चॉकलेटें किंवा पोस्टकार्डें भरलेलीं असत आणि डोक्याशीं नाणें टाकण्यापुरती एक चीर असे. नोकर नाहीं, उधारी नाहीं, गिऱ्हाइकाशीं घासाघीस नाहीं. धनी घरीं झोंपलेला असला तरी गल्ला आपला भरतोच आहे! हें चित्र इतकें मोहक होतें कीं आजही असें यंत्र विकत घेऊं पाहणारा मनुष्य पहिला प्रश्न हाच विचारतो, कीं कोणतें यंत्र तासाला किती मिळवून देतें? प्रश्न सरळ दिसतो. परंतु त्यांतला तास कोणाचा, फलाटावर उभ्या असलेल्या यंत्राचा, कीं तें भरणाऱ्या, पुसणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाचा, हें ठरविल्यावांचून त्याला उत्तर नाहीं. दोन्ही तासांचा हिशेब मांडून पाहिला म्हणजे या धंद्यांची क्रमवारी पार उलटीपालटी होते.

नाणें टाकून वस्तु घेण्याची कल्पना आगगाडीहून पुष्कळच जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हीरोनें देवळांतील तीर्थाच्या एका पात्राचें वर्णन लिहून ठेविलें आहे. पांच द्राखमांचें नाणें आंत टाकलें कीं तें एका दांडीच्या टोंकावर पडे, दांडी कलून झडप उघडे, आणि नाणें घसरून खालीं जाईपर्यंत तीर्थाची धार चाले. पुढें १८२२ च्या सुमारास लंडनच्या रिचर्ड कार्लाइल या पुस्तकविक्रेत्यानें सरकारला नको असलेलीं पुस्तकें यंत्रांतून विकावयास काढलीं. विकणारा मनुष्यच दिसला नाहीं तर पकडतील कोणाला, हा त्याचा कावा. न्यायालयास तो पटला नाहीं आणि त्याच्या नोकरास शिक्षा झाली. यंत्रामागें माणूस असतो, याची नोंद अशा रीतीनें प्रथम न्यायाधीशानें केली म्हणावयाची.

धंदा म्हणून या यंत्रांचा आरंभ १८८३ सालीं झाला. त्या वर्षीं पर्सिव्हल एव्हरिट यानें लंडनमध्यें पोस्टकार्डें विकणारें यंत्र आणलें व थोड्याच काळांत तें स्टेशनांवर आणि टपालकचेऱ्यांत दिसूं लागलें. १८८७ सालीं इंग्लंडांत ‘स्वीटमीट ऑटोमॅटिक डिलिव्हरी कंपनी’ निघाली. यंत्रें बसविणें आणि त्यांची निगा राखणें हाच तिचा मुख्य व्यवसाय होता. म्हणजे आपोआप चालणाऱ्या यंत्रांवर माणसें नेमणारी ती पहिली कंपनी! दुसऱ्याच वर्षीं टॉमस ॲडम्स यानें न्यूयॉर्कच्या उंचावरील रेल्वेच्या फलाटांवर चघळण्याच्या गमाचीं यंत्रें मांडलीं, आणि १८९३ पर्यंत जर्मनींतील स्टॉलवेर्क या चॉकलेटवाल्याचा माल १५,००० यंत्रांतून विकला जात होता.

या छोट्या मालाच्या यंत्राची तासाची कमाई सरासरीनें सांगणें फसवें असतें. गाडी येण्यापूर्वीं पांच मिनिटें त्याचा व्यापार. बाकीचा तास तें नुसतें उभें. शिवाय पेनी आंत पडली तरी सारी पेनी धन्याची नव्हे. तींतून मालाची किंमत जाते, जागेचें भाडें जातें, आणि माल संपतांच कोणी तरी पेटी घेऊन तेथें पोहोंचावें लागतें. यंत्र जितकें अधिक विकील तितक्या या फेऱ्या वाढतात. रिकामें यंत्र जोराच्या विक्रीचें लक्षण असलें तरी त्या क्षणापासून त्याची कमाई शून्य असते.

माल संपण्याची ही अडचण ज्यांत नाहीं असें यंत्र सॅनफ्रान्सिस्कोच्या लुई ग्लासनें शोधलें. त्यानें एडिसनच्या फोनोग्राफला नाण्याची चीर जोडली आणि २३ नोव्हेंबर १८८९ रोजीं तें ‘पॅले रॉयल’ नांवाच्या मद्यगृहांत ठेविलें. त्याला ऐकण्याच्या चार नळ्या होत्या. प्रत्येकींत पांच सेंटांचें निकेल टाकावें, नळी कानाला लावावी व गाणें ऐकावें. विकलें जाई तें नुसतें गाणें, आणि तें शिल्लकच राही. सहा महिने पुरे होण्यापूर्वींच या एका यंत्रानें हजार डॉलरांहून अधिक मिळविले, असें ग्लासनें १८९० सालीं फोनोग्राफवाल्यांच्या परिषदेंत सांगितलें. हजार डॉलर म्हणजे वीस हजार निकेलें; पांच ग्रॅमचें एक या मानानें शंभर किलो धातु!

पण हा आंकडा तासांत वांटून पाहावा. दिवसास सुमारें सहा डॉलर पडतात, आणि मद्यगृह बारा तास उघडें धरलें तर तासास पन्नास सेंट, म्हणजे दहा निकेलें. एक गाणें दोन मिनिटांचें. सुई मागें आणण्यास आणखी एक मिनिट धरलें आणि चारही नळ्या सतत कानांना लागल्या असत्या, तर तेंच यंत्र तासास चार डॉलर देऊं शकलें असतें. म्हणजे आठ भागांपैकीं सात भाग वेळ तें मुकें होतें. यंत्राची शक्ति आणि यंत्राची कमाई यांतील हें अंतर विकणारा सहसा सांगत नाहीं. तो नेहमीं चार डॉलरच सांगतो. उलट बाजूस बॅटरी उतरते, मेणाचें नळकांडें झिजतें, तींच गाणीं ऐकून गिऱ्हाईक कंटाळतें. तीं बदलण्यास पुनः माणूस आलाच.

याहून डोळे दिपविणारी कथा कायनेटोस्कोपची. एका उंच लांकडी पेटींत डोकावून हलतें चित्र पाहण्याचें हें एडिसनचें यंत्र. १४ एप्रिल १८९४ रोजीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर हॉलंड बंधूंनीं अशा दहा यंत्रांचें दुकान थाटलें. पांच यंत्रांची एक रांग, रांगेला पंचवीस सेंट. येथें नाण्याची चीरही नव्हती; तिकीट खिडकीवर आणि यंत्र चालू करण्यास नोकर, असा थाट होता. एडिसनचा सहकारी आल्फ्रेड टेट यानें पुढें आठवणींत लिहिलें आहे कीं, रात्रीच्या जेवणापुरते पैसे सुटावे म्हणून दुपारीं सहज दार उघडलें, तें मध्यरात्र उलटून एक वाजला तरी लोटतां येईना, आणि जेवण राहून सुमारें १२० डॉलर जमले. दहा-अकरा तासांत एकशेंवीस, म्हणजे तासास अकरा-बारा डॉलर. दर यंत्रास एक डॉलरच्या वर. असा तास ज्यानें एकदां पाहिला त्याच्या डोक्यांतून तो जाणें कठीण.

पण पुढील महिन्यांचा हिशेब शांतपणें वाचण्यासारखा आहे. त्या दुकानाचें मासिक उत्पन्न सरासरीनें १,४०० डॉलर आणि चालविण्याचा अंदाजी खर्च ५१५ डॉलर होता. रोज बारा तास दुकान चालू धरलें तर तासास जेमतेम चार डॉलर, यंत्रास चाळीस सेंट. म्हणजे पहिल्या रात्रीचा तिसरा हिस्सा. खर्च वजा जातां यंत्रास सुमारें पंचवीस सेंट उरतात. एका यंत्राची किंमत अडीचशें डॉलरांच्या घरांत होती, तेव्हां सुमारें तीन महिन्यांत भांडवल सुटे, आणि हें मुळींच वाईट नव्हे. मात्र मग वेळ किती उरला होता? १८९६ च्या एप्रिलांत न्यूयॉर्कला पडद्यावर चित्रें दिसूं लागलीं आणि त्याच वर्षीं ७ जुलैस मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला. एका यंत्रासमोर एक डोकें, या हिशेबाला एका यंत्रासमोर भरलेलें दालन या हिशेबानें मोडून टाकलें. दुकान चांगलें चाललें असतांही धंद्याचें आयुष्य दोनच वर्षांचें होतें.

आतां या भपक्याशेजारीं वजनाचें यंत्र उभें करून पाहावें. त्याच एव्हरिटनें १८८५ च्या सुमारास त्याचें पेटंट घेतलें. त्यांत माल नाहीं, गाणें नाहीं. गिऱ्हाईक स्वतःचेंच वजन विकत घेतें आणि तेंही बरोबर घेऊन जातें. तासास पांच-दहा नाण्यांवर त्याची मजल जावयाची नाहीं, परंतु तें भरावें लागत नसल्यामुळें मालकाच्या एका तासाच्या देखभालीवर तें कित्येक दिवस कमावीत राहतें. आमच्याकडे मुंबईच्या लोकलच्या फलाटांवर लुकलुकत्या रंगीत दिव्यांचीं अशीं यंत्रें अनेक वर्षें उभीं होतीं. आंतून पुठ्ठ्याचें लहान तिकीट खटकन् बाहेर पडे. त्यावर वजन छापलेलें, आणि शिवाय चार शब्दांत भविष्य किंवा नटनटीचें चित्र. वजन रोज बदलत नाहीं, भविष्य मात्र बदलतें. एकाच माणसास पुनः पुनः नाणें टाकावयास लावणारी ही युक्ति ज्यानें काढली तो कांटेवाल्यापेक्षां माणसांचा मोठा पारखी खरा.

याच्या उलट टोंकाला लंडनचें पेनीचें गॅसमीटर. तीन महिन्यांचें बिल एकदम भरणें मजुरांच्या घरांना शक्य नसे, म्हणून त्यांच्याकडे गॅस जात नसे. १८९२ सालीं साउथ मेट्रोपॉलिटन कंपनीनें पेनी टाकून गॅस घेण्याचीं मीटरें बसविण्यास आरंभ केला आणि गरिबांच्या चुलीशीं गॅस पोहोंचला. गिऱ्हाइकास तोच गॅस श्रीमंतापेक्षां महाग पडे, कारण शेगडी व नळ्यांचें भाडें त्या पेनींतच असे. पण कंपनीचाही तास फुकट जात नव्हता. एका पौंडास २४० पेन्या. त्यांचें वजन सव्वादोन किलो. शंभर पौंडांची वसुली म्हणजे सव्वादोनशें किलो तांबडीं नाणीं, दारोदार जाऊन, मोजून, जिन्यांवरून उतरवून आणावयाचीं. हें काम ज्यांच्या पाठींनीं केलें त्यांचे तास कोणत्याही यंत्राच्या जाहिरातींत नाहींत.

माणसास भिंतीआड लपविण्याची कला पूर्णत्वास नेली ती ‘ऑटोमॅट’नें. ९ जून १९०२ रोजीं हॉर्न आणि हार्डार्ट यांनीं जर्मनीहून यंत्रसामग्री आणून फिलाडेल्फियांत हें उपाहारगृह उघडलें. १९१२ त तें न्यूयॉर्कला गेलें. भिंतभर कांचेचीं कवाडें, निकेल टाकून मूठ फिरवावी कीं कवाड उघडे. वाढपी दिसेना, म्हणून लोकांना सारें आपोआप वाटे. वास्तविक भिंतीपलीकडे बायका रिकामा झालेला कप्पा तत्क्षणीं भरीत, आणि अलीकडे कांचेच्या खोपटांत बसलेल्या बायका डॉलर घेऊन न बघतां नेमकीं वीस निकेलें फेंकीत. येथें यंत्राची किंमत स्वयंपाकघराच्या मानानें किरकोळ होती. या धंद्यास खरें जखडलें तें नाण्यानें. महायुद्धानंतर सर्व महाग झालें, पण चीर निकेलचीच. कॉफी सहा सेंटांना विकतां येईना. १९५० त पांचाची कॉफी एकदम दहा सेंटांची करावी लागली आणि गिऱ्हाइकें रुसलीं. हाच पेंच कोकाकोलापुढें होता. साडेसात सेंटांचें नवें नाणें पाडावें अशी विनंती त्या कंपनीनें १९५३ सालीं अमेरिकेच्या सरकारकडे करून पाहिली. ती मान्य झाली नाहीं. न्यूयॉर्कचें शेवटचें ऑटोमॅट १९९१ सालीं बंद झालें.

आज नाण्याची अडचण कार्डानें व मोबाइलनें दूर केली आहे. भरण्याची मात्र केलेली नाहीं. जपानांत २००० सालीं अशीं सुमारें ५६ लाख यंत्रें होतीं. तीं आतां कमी होत आहेत, आणि त्याचें एक कारण असें कीं पेट्या वाहून नेणारीं माणसें मिळेनाशीं झालीं आहेत. म्हणून तेथील नवीं यंत्रें कोणता कप्पा रिकामा झाला याची वर्दी दुरूनच कचेरीस देतात. गाडीवाला तेवढ्याच पेट्या घेऊन निघतो, आणि जेथें माल शिल्लक आहे तें यंत्र ओलांडून पुढें जातो.